न झालेल्या धरणाच्या काठी

न्यू जर्सीत, एडिसनमधल्या मराठी घरात भारतातून कोणी येणार म्हटलं की सहलींची यादी विमानाच्या तिकिटाआधी तयार असते. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, टाइम्स स्क्वेअर, वॉशिंग्टनची संग्रहालयं आणि एका लाँग वीकएंडला नायगारा. नायगारा जवळजवळ चारशे मैलांवर, म्हणजे गाडीत सहा-सात तास. जाताना तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची कोरडी भाजी, येताना तळाशी उरलेला चिवडा. धबधबा भव्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण महिन्याभराने पाहुण्यांना विचारा, त्यांना आठवतात ते बोटीवर मिळालेले निळे रेनकोट आणि अमुक ठिकाणी गरम चहा मिळाला नाही ते.

सव्वा-दीड तासावर असलेलं डोंगरखोरं मात्र या यादीत नसतं. हायवे २८७ वरून ८० ला लागायचं आणि पश्चिमेला सरळ जात राहायचं. (२०२४च्या नाताळानंतर याच ८० ला व्हार्टनजवळ भलंमोठं भगदाड पडलं. खाली केव्हाचीच सोडून दिलेली लोखंडाची खाण होती. पुढचे काही महिने त्या वाटेने जायचं म्हणजे शिक्षाच होती. न्यू जर्सीच्या या भागात कुठे काय पुरलेलं निघेल याचा नेम नाही.) वस्ती विरळ होते, ट्रक वाढतात आणि समोर किटाटिनीची रांग उभी राहते. लांबच लांब, माथा जवळजवळ सपाट. ही ओलांडणार कशी असं वाटेपर्यंत रांग मधोमध चिरलेली दिसते. त्या चिरेतून डेलावेअर नदी जाते, आणि नदीच्या अंगाला अंग घासत हायवेही जातो. हीच डेलावेअर वॉटर गॅप. अलीकडे न्यू जर्सी, पलीकडे पेनसिल्व्हेनिया.

गारगोटीसारख्या कठीण खडकाची ही भिंत नदीने लाखो वर्षं कापत आणली. न्यू जर्सीच्या बाजूचा डोंगर माउंट टॅमनी, समोरचा माउंट मिन्सी. टॅमनीची उंची १५०० फुटांच्या थोडी वर. सिंहगड चढलेल्या माणसाला या उंचीचं कौतुक सांगू नये, पण लाल खुणांच्या वाटेने गेलात तर चढ चांगलाच दमवतो. माथ्यावरून नदीचं वळण दिसतं, मिन्सीच्या कड्यातले तिरपे थर दिसतात, आणि ट्रकची घरघर थेट वरपर्यंत ऐकू येते. ऑक्टोबरच्या मध्यावर पानं रंगतात तेव्हा तर अर्धं न्यू जर्सी तिथे असतं. फोटोसाठी कड्यावर रांग लागते. मला विचाराल तर हा माथा एकदा बघावा आणि पुढच्या वेळी गाडी डावीकडे न लावता उजवीकडे, नदीच्या काठाने वर न्यावी.

त्या रस्त्याचं नाव ओल्ड माइन रोड. सतराव्या शतकात डचांनी तांब्याच्या खाणीसाठी तो बांधला अशी दंतकथा आहे. इतिहासकार तिला मान डोलवत नाहीत. पण रस्ता जुना आहे हे खरं. सुरुवातीलाच तो इतका अरुंद होतो की एका वेळी एकाच बाजूची वाहतूक सोडतात, आणि त्यासाठी जंगलात सिग्नल लावलेला आहे. समोरून एकही गाडी येत नसते, मागे कोणी नसतं, आणि आपण शहाण्यासारखे लाल दिव्याकडे बघत बसलेलो असतो. तिथून पुढे फोनची रेंज जाते ती जातेच.

आणि मग लक्षात यायला लागतं की या खोऱ्यात माणसं नाहीत. रस्ता आहे, शेतं असावीत अशी मोकळी कुरणं आहेत, दगडी गडग्यासारखे बांध जंगलात शिरताना दिसतात, पण घरं नाहीत. मध्येच झाडीत एक चिमणी उभी असते, फक्त चिमणी. मध्येच तीन दगडी पायऱ्या गवतात चढतात आणि संपतात. वॉलपॅक सेंटर नावाचं एक गाव लागतं: पांढरी लाकडी घरं, चर्च, पोस्टाची इमारत, सगळं उभं, राहणारं कोणी नाही. ज्या टाउनशिपमध्ये हे गाव येतं तिची लोकसंख्या २०२०च्या जनगणनेत होती ७. सात हजार नव्हे, सात.

ऑगस्ट १९५५ मध्ये कॉनी आणि डायान ही दोन चक्रीवादळं आठवड्याच्या आत एकामागून एक आली आणि डेलावेअरच्या खोऱ्यात भयंकर पूर आला. पुराच्या पाठोपाठ धरणाचा आग्रह आला. गॅपच्या काही मैल वर टॉक्स आयलंड नावाचं छोटंसं बेट आहे. तिथे धरण बांधायचं, मागे ३७ मैल लांब तलाव करायचा. पूर अडेल, वीज होईल, न्यूयॉर्क-फिलाडेल्फियाला पाणी मिळेल आणि शहरातल्या लोकांना सहलीला जागा होईल. १९६२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने मंजुरी दिली. १९६५ मध्ये तलावाभोवतीची जमीन राष्ट्रीय विहारक्षेत्र म्हणून जाहीर झाली. म्हणजे आज आपण ज्या सुंदर जागी डबा उघडून बसतो ती मुळात एका तलावाचा काठ म्हणून आखलेली आहे. तलाव तेवढा नाही.

यातली गोम अशी की त्या पुरात सर्वाधिक बळी गेले ते ब्रॉडहेड क्रीक या ओढ्याच्या काठी, आणि ब्रॉडहेड डेलावेअरला मिळतो तो टॉक्स आयलंडच्या खाली. धरण असतं तरी त्या माणसांना त्याचा उपयोग नव्हता. पण पुराच्या दुसऱ्या दिवशी नकाशा कोण बघतं!

जमिनी घ्यायला सुरुवात झाली. पिढ्यान्‌पिढ्या कसणारी, गिरण्या चालवणारी, उन्हाळ्यात खोल्या भाड्याने देणारी हजारो माणसं उठवली गेली. घरं पाडली, काही जाळली. जी पाडायची राहिली त्यांत सत्तरीच्या सुरुवातीला लांब केसांची तरुण मंडळी येऊन राहिली, भाजीपाला लावू लागली. १९७४ मध्ये त्यांनाही हाकललं आणि घरांवर बुलडोझर फिरला. एवढं सगळं झाल्यावर, ३१ जुलै १९७५ रोजी, खोऱ्यातल्या चार राज्यांच्या गव्हर्नरांनी मत दिलं: न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि डेलावेअर विरोधात, पेनसिल्व्हेनिया एकटं बाजूने. तोवर व्हिएतनामच्या युद्धाने तिजोरी आटली होती, धरणाखालची जमीन हिमयुगातल्या गाळाची आणि भुसभुशीत निघाली होती, आणि वरच्या भागातल्या कोंबड्यांच्या फार्ममधली घाण उतरून तलाव हिरवागार होईल असं शास्त्रज्ञ सांगत होते. धरण बारगळलं. १९७८ मध्ये नदीच्या या पट्ट्याला कायद्याने संरक्षण मिळालं. लोकांची जमीन मात्र सरकारकडेच राहिली.

हे मी माहितीच्या पाट्यांवर आणि मिळेल तिथे वाचत गेले होते. पण ते खऱ्या अर्थाने समजलं ते माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, तिथे नेलं तेव्हा.

अण्णा कोयनेच्या खोऱ्यातले. त्यांचं गाव शिवसागराखाली गेलं तेव्हा ते सात-आठ वर्षांचे असतील. घराची चौकट, वासे, दारं सोडवून ट्रकमध्ये घातली आणि सगळं बिऱ्हाड घाट उतरून खाली रायगडात आलं, एवढं त्यांना पक्कं आठवतं. बाकीचं ते सांगत नाहीत, विचारलं तर "झालं ते झालं" म्हणतात. आम्ही गेलो तो एप्रिलचा शेवट. आमच्या दृष्टीने वसंत, त्यांच्या दृष्टीने कडाक्याची थंडी. कानटोपी, मफलर आणि वर माझ्या नवऱ्याचं जाकीट. सासूबाई गाडीतून उतरायलाच तयार नव्हत्या. "झाडंच बघायची तर महाबळेश्वर काय वाईट होतं," त्यांचं म्हणणं.

रस्त्याच्या कडेला एका मोकळ्या जागेत पिवळे डॅफोडिल फुलले होते. रानात असतात तसे विखुरलेले नाहीत, दोन सरळ ओळींत. अण्णा त्या ओळींकडे बघत राहिले, मग ओळींच्या मधून चालत गेले. गवतात एक पायरी लागली, पुढे जोत्याचे दगड. त्यांनी काठीने पाला बाजूला सारला, जोत्याचा कोपरा शोधला, तिथून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पावलं टाकत गेले.

"हितं घर होतं," ते म्हणाले.

"हो अण्णा."

"कुणी पाडलं?"

"सरकारनं. धरणासाठी."

त्यांनी मान वर करून आजूबाजूला पाहिलं. खाली दूर नदी चमकत होती, आपल्या जागी, आपल्या पात्रात. "मग पाणी कुठंय?"

"धरण झालंच नाही नंतर."

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमचं निदान बुडलं तरी."

मी काही बोलावं असं ते वाक्य नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "जमिनीला जमीन दिली का ह्यांना?"

"नाही, पैसे दिले. बाजारभावानं, असं सरकार म्हणतं."

"आसंच म्हणतं," अण्णा म्हणाले, आणि जोत्यावर बसून त्यांनी दशमी आणि लसणाची चटणी मागितली.

त्यांच्या प्रश्नांचा क्रम मला अजून आठवतो. कुणी राहायचं, काय पिकवायचे, विहीर कुठे, देऊळ कुठे हलवलं. चर्च हलवलं का, असं नाही, देऊळ. मी सांगितलं की नदीकाठी थोडं वर मिलब्रूक नावाचं खेडं आहे, तिथे जुन्या इमारती जपल्यात, काही तर खोऱ्यात दुसरीकडून आणून ठेवल्यात. ते त्यांना पटलं. "म्हणजे त्यांनी पण वासे आणले," ते म्हणाले. कोयनेच्या विस्थापितांना एका जागी वसवलं नाही, जिल्ह्याजिल्ह्यांत पांगवलं, आणि महाराष्ट्राचा पुनर्वसनाचा कायदा झाला तो १९७६ मध्ये, कोयनेचं पाणी भरून कितीतरी वर्षं उलटल्यावर. इकडे त्याच्या आदल्याच वर्षी टॉक्स आयलंडचं धरण मतदानाने थांबलं. अण्णांना मी या तारखा सांगितल्या नाहीत. त्यांना त्या शेजारी-शेजारी ठेवण्यात रस नसता. मला मात्र त्या तशाच डोक्यात बसल्यात.

आणि त्या शेतकऱ्यांच्या आधीही हे खोरं कोणाचं तरी होतंच. लेनापे या मूळ रहिवाशांचं. मिनिसिंक हे या भागाचं त्यांचं नाव अजून नकाशावर सापडतं. १७३७ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या संस्थापकाच्या, विल्यम पेनच्या, मुलांनी एक जुना करार पुढे केला: माणूस दीड दिवसात चालेल तितकी जमीन. लेनापेंच्या हिशेबात चालणं म्हणजे चालणं, दुपारी बसणं, तंबाखू ओढणं. पेन मंडळींनी आधी रान तोडून वाट साफ करून ठेवली आणि निवडून आणलेली तीन दमदार माणसं सोडली. त्यांतला एकच शेवटपर्यंत टिकला, पण तो साठ मैलांच्या पलीकडे पोचला. लेनापेंचे वंशज आज मुख्यतः ओक्लाहोमा, विस्कॉन्सिन आणि कॅनडातल्या ओंटारिओत आहेत. टॅमनी हे ज्या डोंगराचं नाव तो त्यांचाच एक सरदार होता. माणसं घालवायची आणि डोंगराला त्यांचं नाव द्यायचं, ही रीत सगळीकडची.

धरण न झाल्याचा फायदा कोणाला झाला असेल तर माशांना. डेलावेअरच्या मुख्य प्रवाहावर आजही एक धरण नाही. तिच्या उपनद्या न्यूयॉर्क शहराने वरच्या अंगाला अडवल्यात, शहराचं निम्मं पाणी तिथूनच येतं. पण मधली नदी समुद्रापर्यंत मोकळी आहे. त्यामुळे दर वसंतात शॅड नावाचा मासा समुद्रातून निघून अंडी घालायला थेट या खोऱ्यात आणि आणखी वर जातो. शॅड आपल्याकडच्या हिलशाच्या जवळचा, तसाच चवदार आणि तसाच काटेरी. आमच्या ओळखीतले बंगाली लोक एप्रिल-मेमध्ये इलिशची हौस त्यावरच भागवतात. खाली लॅम्बर्टव्हिल गावात शॅडची जत्रा भरते. अण्णांना मासे खूप प्रिय, रायगडात वाढलेले ना! पण "एवढे काटे काढायला दात पाहिजेत" म्हणून त्यांनी तो विषय बंद केला.

परत येताना आम्ही डिंगमन्स फेरीच्या पुलावरून पेनसिल्व्हेनियात गेलो. वाट जरा वाकडी पडते, पण हा पूल मी कोणालाही चुकवू देत नाही. १९०० सालचा लोखंडी पूल, खालच्या फळ्या गाडीखाली खडखडतात, आणि मालकी खाजगी कंपनीची. आम्ही गेलो तेव्हा टोलवाला रस्त्याच्या मधोमध उभा राहून हातात पैसे घेत होता. कंपनीच्या जुन्या सनदेनुसार चर्चला, शाळेत आणि अंत्ययात्रेला जाणाऱ्यांना टोल माफ. हे ऐकून अण्णा दिवसभरात पहिल्यांदा मोठ्याने हसले. "म्हणजे मेल्यावर टोल माफ," ते म्हणाले. "आपल्याकडं तेवढं पण करत नाहीत." सासूबाईंना धबधबा हवा होता, तो डिंगमन्समध्येच मिळाला. लाकडी फळ्यांची सपाट वाट, गुडघ्यांना त्रास नाही, आणि शेवटी चांगला उंच धबधबा. तो एक दाखवला आणि त्यांचा दिवस सत्कारणी लागला.

तरुण मंडळींना घेऊन जायचं तर मी सनफिश पाँड सांगेन. डनफिल्ड ओढ्याच्या काठाने ॲपालाचियन ट्रेल या लांबलचक पायवाटेवरून वर गेलं की डोंगरमाथ्यावर हिमनदीने कोरलेलं तळं. धरणाच्या योजनेत तेसुद्धा होतं. रात्री स्वस्त विजेने पाणी वर चढवायचं, दिवसा सोडून वीज करायची, त्यासाठी. तळं वीज कंपन्यांच्या ताब्यात गेलंही होतं. लोकांनी मोर्चे काढले. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस स्वतः चालत वर आले, त्यांच्यामागे माणसांची रांग. १९६९ मध्ये तळं परत मिळालं. तिथे पोहायला बंदी आहे आणि ती बरोबरच आहे. काठावरच्या खडकांवर बसायचं, खायचं, उतरायचं. खालच्या बाजूला नॅन्सी शुकायटिस नावाच्या बाई, ज्यांच्या घराण्याची जमीन जाणार होती, वर्षानुवर्षं सभा, पत्रं, कोर्ट यांत लढत होत्या. डोंगरावर न्यायमूर्ती आल्यावर फोटो येतात. खाली कागद घेऊन बसणाऱ्यांचे फारसे येत नाहीत.

आता थोडं कामाचं. गोचिडी आहेत आणि त्यांच्यामुळे लाइम रोग होतो, तेव्हा मोजे पँटच्या वर ओढा, फॅशन गेली खड्ड्यात; घरी आल्यावर मुलांचे कानामागचे आणि गुडघ्यामागचे भाग बघा. काळी अस्वलं आहेत, उरलेली पोळीभाजी गाडीबाहेर ठेवू नका. रॅटलस्नेक खडकांवर ऊन खात असतो, त्याला तसाच राहू द्यावा. नकाशा घरूनच फोनमध्ये उतरवून घ्या. उन्हाळ्यात टायरच्या ट्यूबवर बसून नदीतून तरंगत जाणाऱ्यांची झुंबड असते; लाइफ जॅकेट घाला, नदी दिसते तेवढी साधी नाही. सप्टेंबरच्या मध्यावर किटाटिनीच्या माथ्यावरून ससाण्यांचे थवे दक्षिणेला जातात, त्या दिवसांत पार्किंग मिळतं आणि पानंही हिरवी असतात. माझा आवडता महिना तोच.

गेल्या काही वर्षांत या जागेला पूर्ण नॅशनल पार्कचा दर्जा द्यावा अशी मागणी पुढे आली. पर्यटन वाढेल, पैसा येईल, नाव होईल असं मांडणारे पुष्कळ. खोऱ्याच्या कडेला अजून टिकून राहिलेली कुटुंबं आणि शिकारी मंडळी कडाडून विरोधात. विरोधकांची कारणं एकेक करून खोडता येतील. हद्द वाढणार नाही, कुणाचं घर जाणार नाही, असं कागदावर लिहून देता येईल. पण त्यांच्या आईवडिलांनाही कागदच दाखवले होते. मी बाहेरची, माझं मत कोणी विचारलेलं नाही. तरी विचारलंच तर मी त्या कुटुंबांच्या बाजूने. आणि खरं सांगायचं तर डनफिल्डला शनिवारी सकाळी नऊनंतर गाडी लावायला आत्ताच जागा नसते.